ब्रुकलिनचे मानकरी

बक्षीस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शाळेचे स्नेहसंमेलन उभे राहते. टेबलावर चकचकीत पेले मांडले आहेत, पाहुणे खुर्चीत बसले आहेत आणि गुरुजी एकेक नाव पुकारीत आहेत. ज्याचे नाव आले तो धावत पुढे जातो, बाकीचे टाळ्या वाजवितात, आणि झाला समारंभ! पण हे बक्षीस ठेवले कोणी, ते याला द्यावे असे ठरविले कोणी, आणि पेल्यावर नाव कोरले आहे ते कोणाचे, ही चौकशी सहसा कोणी करीत नाही. मी वीस वर्षे महाविद्यालयात शिकवितो आहे. आमच्या कपाटात पंधरावीस ढाली असतील. "सर, ढालीवरचे हे गृहस्थ कोण?" असे विचारणारा विद्यार्थी मला आजवर एकच भेटला, आणि त्यालाही मी धड उत्तर देऊ शकलो नाही.

आज जी हकीकत सांगणार आहे ती अशाच बक्षिसांची आहे, पण इथली नव्हे. अमेरिकेतला बेसबॉलचा एक धंदेवाईक संघ आहे, डॉजर्स नावाचा. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन या भागात 1883 साली हा संघ निघाला. त्या भागात विजेच्या ट्रॅमगाड्यांचे जाळे होते आणि रस्ता ओलांडणाऱ्याला त्या चुकवीत चुकवीत जावे लागे. म्हणून ब्रुकलिनकर ते 'चुकविणारे', म्हणजे डॉजर्स. 1957 चा हंगाम संपल्यावर संघाने बिऱ्हाड हलविले आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला लॉस एंजेलिसला नेले. नाव मात्र तेच राहिले.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. बेसबॉल हा आपल्या क्रिकेटच्या भाऊबंदांपैकीच. चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात; तो चेंडू टप्पा न पाडता सरळ फेकतो. बॅट गोल दांडक्यासारखी असते. फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा तो कॅचर. मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात, एकापासून दुसरा 90 फुटांवर. चारही बेसना शिवून खेळाडू घरी परतला की एक धाव. चेंडू थेट कुंपणाबाहेर गेला तर तो 'होम रन'. संघांच्या दोन लीग आहेत, नॅशनल आणि अमेरिकन. दोन्हींचे विजेते हंगामाअखेर एकमेकांशी खेळतात, त्या सामन्यांना म्हणतात 'वर्ल्ड सिरीज'. नाव जगाचे, आणि सामने अमेरिका-कॅनडातल्या संघांचे! असो.

आता बक्षिसे. त्यांतली तीन मोठी आहेत आणि तिन्ही देतात ते वर्तमानपत्रांचे बेसबॉल-बातमीदार. त्यांची एक संघटना आहे, ती मतदान घेते. पहिले बक्षीस वर्षातल्या उत्तम नवोदित खेळाडूचे. दुसरे उत्तम पिचरचे. ते 511 सामने जिंकणाऱ्या साय यंग या जुन्या पिचरच्या नावाने 1956 पासून देतात. तिसरे 'सर्वांत मोलाचा खेळाडू' हे, आणि मान मोठा तो याचा. मतदानाची रीत शिक्षकांना आवडेल अशी आहे. मोलाच्या खेळाडूसाठी प्रत्येक बातमीदार दहा नावे क्रमाने लिहितो. पहिल्याला 14 गुण, दुसऱ्याला 9, तिसऱ्याला 8, असे उतरत दहाव्याला 1. पहिल्या आणि दुसऱ्यात एकदम पाच गुणांचे अंतर का, तर ज्याला पुष्कळांनी मनापासून पहिला मानले त्याला त्याचे माप मिळावे म्हणून. 1955 साली डॉजर्सचेच दोन खेळाडू आमनेसामने आले. रॉय कॅम्पनेलाला पडले 226 गुण आणि ड्यूक स्नायडरला 221. पाच गुणांनी एकाचे नाव कायमचे कोरले गेले!

नवोदित खेळाडूचे बक्षीस साऱ्या अमेरिकेसाठी म्हणून 1947 साली प्रथम दिले गेले, आणि ते मिळाले डॉजर्सच्या जॅकी रॉबिन्सनला. पुढे या एका संघाच्या खेळाडूंनी ते 2017 पर्यंत अठरा वेळा मिळविले. दुसरा कोणताही संघ या आकड्याच्या जवळपास नाही. पण आकड्यापाशी थांबू नका. 'नवोदित' म्हणजे कोण? रॉबिन्सन त्या वर्षी अठ्ठावीस वर्षांचा होता. 1945 मध्ये तो कॅन्सस सिटीच्या संघातून खेळला होता, आणि अवघ्या अमेरिकेत नाव व्हावे असा खेळला होता. मग नवा कसा? नवा अशासाठी, की तो काळा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोठ्या लीगमध्ये काळ्या माणसाला कोणी घेतच नव्हते. तसा लेखी नियम कोठेही नव्हता, बरे का! संघमालकांचा आपसांतला मूक करार होता तो, आणि तो पन्नासाहून अधिक वर्षे नियमापेक्षा कडकपणे पाळला गेला. काळ्या खेळाडूंनी आपल्या वेगळ्या लीग चालविल्या, आणि तिथे फार मोठे खेळाडू घडले. मोठ्या दरवाजातून आत येणे तेवढे त्यांच्या नशिबी नव्हते.

तो दरवाजा ब्रुकलिनचे व्यवस्थापक ब्रँच रिकी यांनी उघडला. 1945 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी रॉबिन्सनला बोलावून घेतले. लोक शिव्या देतील, अंगावर येतील, तू उलट हात उचलायचा नाहीस, अशी अट घातली. रॉबिन्सन स्वभावाने तापट. अन्याय गिळणारा माणूस नव्हे. तरी त्याने ती पत्करली. एक वर्ष माँट्रियलच्या दुय्यम संघात काढून 15 एप्रिल 1947 या दिवशी तो ब्रुकलिनच्या मैदानावर उतरला. त्याच महिन्यात फिलाडेल्फियाच्या संघाच्या मॅनेजरने आणि खेळाडूंनी मैदानावरून त्याला अशा शिव्या घातल्या, की ब्रुकलिनचे गोरे खेळाडूही संतापले. गावोगावी काही हॉटेलांनी त्याला खोली दिली नाही. हे सारे सोसून त्याने वर्षअखेर 125 धावा काढल्या आणि 29 वेळा बेस 'चोरले', म्हणजे पिचर चेंडू फेकतो न फेकतो तोच पुढचा बेस गाठला. अशा माणसाला बातमीदारांनी 'उत्तम नवोदित' म्हटले.

त्याच्या पाठोपाठ न्यूकम 1949 साली, जो ब्लॅक 1952 साली, जिम गिलियम 1953 साली. हे सारे ब्रुकलिनचे, आणि सारे काळे. नॅशनल लीगमध्ये 1949 ते 1953 ही पाचही वर्षे हे बक्षीस काळ्या खेळाडूंनाच मिळाले. जो ब्लॅकही अठ्ठावीस वर्षांचा होता. 1950 साली बोस्टनचा सॅम जेथ्रो मानकरी ठरला तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती. माणसे जुनी आणि मुरलेली होती. नवा होता तो दरवाजा. बक्षिसाच्या यादीत हे दिसत नाही. यादीत फक्त साल आणि नाव असते.

पुढे रॉबिन्सनवरची अट सैल झाली. आता तो पंचांशी वाद घालू लागला, शब्दाला शब्द देऊ लागला, आणि त्याच सुमारास, 1949 साली, त्याने आपला सर्वोत्तम खेळ केला. सरासरी .342, म्हणजे दर हजार संधींना 342 यशस्वी फटके. लीगमध्ये सर्वांत जास्त. बेसही त्याने त्या वर्षी सर्वांत जास्त चोरले, 37. तोंड बांधलेला रॉबिन्सन चांगला खेळला आणि तोंड सुटलेला त्याहून चांगला, याचे मला तरी नवल वाटत नाही. त्या वर्षीचे 'सर्वांत मोलाचा खेळाडू' हे बक्षीस त्याला मिळाले. त्यानंतर कॅम्पनेला 1951, 1953 आणि 1955 साली, न्यूकम 1956 साली. 1949 ते 1959 या अकरा वर्षांत नॅशनल लीगचा हा मान नऊ वेळा काळ्या खेळाडूंकडे गेला, त्यांतले पाच मान एकट्या ब्रुकलिनचे. पन्नास वर्षे कोणाला बाहेर ठेवले होते, याचा याहून स्पष्ट हिशेब दुसरा नसेल.

आता मी ढालीवरच्या नावाकडे येतो. हा मान मिळविणाऱ्याला एक पट्टिका देतात. त्या पट्टिकेवर विजेत्याबरोबर आणखी एक नाव कोरलेले असे, केनेसॉ माउंटन लँडिस. हे गृहस्थ मूळचे न्यायाधीश. 1919 सालच्या वर्ल्ड सिरीजमध्ये काही खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामना हरल्याचे उघड झाले. खेळावरचा लोकांचा विश्वास उडाला. तेव्हा मालकांनी लँडिस यांना खेळाचे सर्वाधिकारी म्हणून आणले. त्यांनी कडक हाताने तो जुगाराचा रोग निपटला, हे त्यांचे काम मोठे खरेच. पण 1920 पासून 1944 मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, सर्व सत्ता त्यांच्या हाती असताना, मोठ्या लीगमध्ये एकही काळा खेळाडू आला नाही. 1944 मध्येच हे बक्षीस त्यांच्या नावे झाले. म्हणजे पाहा, ज्यांच्या कारकिर्दीत रॉबिन्सनला मैदानाच्या फाटकातून आत पाऊल टाकता आले नसते, त्यांच्याच नावाची पट्टिका 1949 साली रॉबिन्सनच्या हातात आली. कॅम्पनेलाच्या घरी अशा तीन पट्टिका गेल्या.

पुढे सत्तरएक वर्षे याविषयी कोणी मोठ्याने बोलले नाही. 2020 साली हा मान पूर्वी मिळविलेल्या काही खेळाडूंनी, त्यांत बॅरी लार्किन, टेरी पेंडल्टन आणि माइक श्मिट हे होते, उघडपणे म्हटले की हे नाव पट्टिकेवर नसावे. बातमीदारांच्या संघटनेने मत घेतले. मोठ्या बहुमताने ठराव झाला आणि त्या वर्षीच्या पट्टिकांवरून लँडिस यांचे नाव गेले. याउलट नवोदित खेळाडूच्या बक्षिसाला 1987 साली, चाळीस वर्षे पुरी झाल्यावर, रॉबिन्सनचे नाव देण्यात आले होते. काहींचे म्हणणे असे, की मेलेल्या माणसाचे नाव खरवडून काय साधते? मला हा प्रश्न पोरकट वाटत नाही. पण पट्टिका मेलेल्याच्या घरी जात नसते, ती जिवंत खेळाडूच्या भिंतीवर लागते. त्याला ती लावताना संकोच वाटत असेल, तर त्या मानात काहीतरी खोट आहे असेच म्हणावे लागेल.

डॉन न्यूकमची गोष्ट निराळी आहे. साय यंग पारितोषिक पहिल्याच वर्षी, 1956 साली, त्यालाच मिळाले. त्या हंगामात त्याने 27 सामने जिंकले आणि 7 गमावले. नवोदिताचा मान, मोलाच्या खेळाडूचा मान आणि साय यंग, ही तिन्ही बक्षिसे मिळविणारा तो पहिला. दुसरा व्हायला 2011 साल उजाडावे लागले. डेट्रॉइटचा जस्टिन व्हर्लँडर तो. पण त्याच 1956 च्या वर्ल्ड सिरीजच्या शेवटच्या सामन्यात न्यूकमला यांकी संघाने झोडपून काढले. ब्रुकलिनने सामना 9-0 असा गमावला. तो मोठ्या सामन्याला कच खातो, अशी लोकांची जीभ चालू लागली. दारूचे व्यसन होतेच, ते वाढले. कारकीर्द लवकर आटोपली. पुढे त्याने दारू सोडली आणि अनेक वर्षे खेळाडूंना व्यसनातून बाहेर काढण्याचे काम केले. या कामाला कोणती ढाल नसते. 2019 साली वयाच्या 92 व्या वर्षी तो वारला.

कॅम्पनेलाला मिळालेला एक मान मतदानाचा नव्हता. 1958 च्या जानेवारीत, संघ लॉस एंजेलिसला निघायच्या सुमारास, त्याची मोटार घसरून आदळली आणि त्याचे अंग खांद्याखाली लुळे पडले. नव्या गावी त्याने एकही सामना खेळला नाही. 7 मे 1959 च्या रात्री त्याच्यासाठी यांकी संघाशी एक खास सामना भरविला. 93,103 माणसे आली. मध्येच मैदानावरचे सगळे दिवे मालविण्यात आले, चाकांच्या खुर्चीतून कॅम्पनेलाला मधोमध आणले, आणि लोकांना सांगितले की प्रत्येकाने एक काडी ओढा. त्या काळोखात हजारो काड्या पेटल्या. ज्या गावाने त्याचा खेळ कधी पाहिला नव्हता, त्या गावाने!

लॉस एंजेलिसच्या त्या मैदानाविषयी आकाशवाणीच्या या पुस्तिकेत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ते इतके मोठे होते की दूर बसलेल्यांना चेंडू नीट दिसत नसे. म्हणून लोक खिशात ट्रँझिस्टर घेऊन येत आणि समोर चाललेला सामना कानांनी ऐकत. समालोचक होते व्हिन स्कली. 1950 पासून 2016 पर्यंत 67 हंगाम ते याच संघाचे समालोचन करीत राहिले. 1982 साली समालोचकांचा मोठा मान, फोर्ड फ्रिक पुरस्कार, त्यांना मिळाला. मोठी टाळी पडली की ते स्वतः गप्प बसत आणि लोकांचा आवाज तसाच ऐकू देत. आमच्यासारख्या बोलघेवड्या प्राध्यापकांना हे जमणे कठीण!

याच संघाचे समालोचन हेमे हारीन हे स्पॅनिश भाषेत करीत. लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन लोकांची वस्ती मोठी. पण डॉजर्सवर त्यांचा राग होता, आणि त्याला कारण होते. संघाचे आजचे मैदान ज्या टेकडीवर आहे तिथे मेक्सिकन कुटुंबांची घरे होती. सरकारी घरबांधणीच्या योजनेसाठी म्हणून ती उठविली, योजना बारगळली, आणि जमीन गेली बेसबॉलला. 1959 मध्ये शेवटच्या कुटुंबांना पोलिसांनी ओढून बाहेर काढले. हा राग वीस वर्षे टिकला. मग 1981 साली फर्नांडो व्हॅलेन्झुएला हा वीस वर्षांचा पिचर आला. मेक्सिकोतल्या सोनोरा प्रांतातल्या एका खेड्यातला, गरीब शेतकरी कुटुंबातला, बारा भावंडांतला शेंडेफळ. इंग्रजी येत नव्हते. पत्रकारांशी बोलताना हारीन दुभाषी होत. पहिले आठ सामने त्याने ओळीने जिंकले, त्यांतल्या पाच सामन्यांत समोरच्या संघाला एक धाव मिळू दिली नाही. त्या वर्षी उत्तम नवोदित आणि साय यंग ही दोन्ही बक्षिसे त्याला मिळाली. एकाच वर्षी दोन्ही मिळविणारा तोच एक. घरे गेलेल्यांची मुलेनातवंडे त्याच मैदानाकडे त्याला पाहायला येऊ लागली. घरे परत मिळाली नाहीत हेही खरेच. त्याचा 34 हा क्रमांक त्याच्यानंतर कोणाला दिला गेला नाही आणि 2023 साली रीतसर निवृत्त करण्यात आला. पुढच्या वर्षी व्हॅलेन्झुएला गेला.

क्रमांक निवृत्त करणे हा तिकडचा मोठा मान. रॉबिन्सनचा 42 हा क्रमांक 1997 साली एका संघाने नव्हे, साऱ्या संघांनी निवृत्त केला. फक्त 15 एप्रिलला प्रत्येक संघातला प्रत्येक खेळाडू 42 क्रमांकाचाच सदरा घालतो. त्या दिवशी समालोचकांची काय तारांबळ उडत असेल!

सर्वांत शेवटचा मान हॉल ऑफ फेमचा. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावी हे कीर्तिमंदिर आहे. दहा वर्षे खेळलेला आणि खेळ सोडून पाच वर्षे झालेला खेळाडू मताला उभा राहतो. शंभरात पंचाहत्तर मते पडली तर आत. रॉबिन्सन 1962 साली पहिल्याच फेरीत आला, पण 160 पैकी 124 मतांनी. पाहिजे होती 120. चार मते वर! त्याच्या तिथल्या पट्टिकेवर आधी फक्त खेळाचे आकडे होते. मला खेळाडू म्हणूनच तोला, अशी त्याची स्वतःची इच्छा होती. 2008 साली नवी पट्टिका लावली, आणि वर्णभेदाची भिंत त्याने कशी पाडली ते तीवर लिहिले.

आणि गिल हॉजेस? रॉबिन्सनच्या शेजारी पहिल्या बेसवर उभा राहणारा हा गोरा, अबोल, ताकदवान गडी. उत्तम क्षेत्ररक्षणासाठी सोनेरी हातमोज्याचे बक्षीस 1957 मध्ये सुरू झाले, ते पहिल्या तिन्ही वर्षी त्याने घेतले. पुढे 1969 मध्ये मॅनेजर म्हणून न्यूयॉर्कच्या मेट्स संघाला त्याने वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. 1972 साली, अठ्ठेचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, हृदयविकाराने तो गेला. कूपर्सटाउनच्या मतदानात त्याचे नाव पंधरा वर्षे आले आणि पंधरा वेळा पडले. 1983 च्या शेवटच्या खेपेला 63 टक्क्यांपर्यंत पोचले; पाहिजे होते 75. नंतर निरनिराळ्या समित्यांपुढे प्रकरण पुनःपुन्हा गेले आणि परत आले. अखेर 2021 च्या डिसेंबरमध्ये एका समितीने त्याला निवडले. 2022 च्या जुलैमध्ये समारंभ झाला तेव्हा हॉजेसला जाऊन पन्नास वर्षे झाली होती. त्याची पत्नी 95 वर्षांची होती. प्रवास झेपणार नव्हता, म्हणून कूपर्सटाउनला मुलीने जाऊन भाषण केले, आणि आईने ते ब्रुकलिनमध्ये घरी बसून ऐकले.